सागरगडावर एकटाच: ऑक्टोबरातल्या एका शनिवारचं प्रकरण

अलिबाग-पेण रस्त्यावरच्या खंडाळे गावातून सागरगडावर जाणारी वाट आमच्याकडे कुणी ट्रेकमध्ये धरत नाही. बाजारात जाऊन येतो म्हणावं तसं लोक "सागरगडावर जाऊन येतो" म्हणतात. उंची साधारण १३५० फूट. वाटेत धोंधाण्याचा धबधबा, सिद्धेश्वराचं देऊळ, वर माचीवरची वाडी, मग गड आणि गडाच्या कडेला वानरटोक नावाचा सुटा सुळका. पावसाळ्यात धबधब्यापर्यंत पोराबाळांसकट गर्दी असते.

याच वाटेवर ऑक्टोबरातल्या एका शनिवारी छत्तीस वर्षांचा, तब्येतीने ठणठणीत, डोंगरांची सवय असलेला एक जण दुपारी ओढ्यात अडकला आणि दिवेलागणीला वाडीतल्या लोकांनी त्याला वर काढलं. इजा म्हणावी तर दोन्ही कोपरांना खरचटलेलं. पेपरात बातमी आली नाही, येण्यासारखं काही नव्हतंही. तरीही मला हे प्रकरण सविस्तर मांडावंसं वाटतं, कारण त्यात पाऊस नाही, दरड नाही, साप नाही, बिघडलेला फोन नाही. सगळ्या गोष्टी रोजच्यातल्या. त्याच्याशी नंतर दोनदा सविस्तर बोलणं झालं. त्याच्या परवानगीने लिहितो आहे, ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. आता ओळख झाल्यामुळे एकेरीत लिहितो, त्याचीही त्याला हरकत नाही.

तो मुंबईचा. सह्याद्रीत बरंच फिरलेला, आणि आदल्या डिसेंबरात उत्तराखंडात केदारकंठाला बर्फातून जाऊन आलेला. म्हणजे साडेबारा हजार फूट, बुटांना काटेरी साखळ्या, उणे तापमान. हा संदर्भ पुढे लागणार आहे. सागरगड त्याने निवडला तो एकट्याने जाण्यासाठीच. एका दिवसात होणारा, बोटीने जाता येईल असा, आणि वरून समुद्र दिसणारा.

समुद्र खरंच दिसतो. हवा स्वच्छ असेल तर पश्चिमेला अलिबागचा कुलाबा किल्ला, वायव्येला खांदेरी-उंदेरी, मागच्या बाजूला धरमतरची खाडी. गडाचं कामच ते होतं, नजर ठेवण्याचं. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या तेवीस किल्ल्यांत हा गड होता. पुढे १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीवर तटबंदी घालायला घेतली, आणि इंग्रज आणि सिद्दी दोघेही अंगावर आले, तो सगळा पाण्याचा पट्टा इथून समोर पडतो. टेहळणीची जागा म्हणजे उघडी जागा, हे ओघानेच आलं. वानरटोकासमोरच्या कडेवर सावली नाही, आणि दुपारी दीडनंतर ऊन थेट तोंडावर येतं.

आता दिवसाचा क्रम. ठरलेलं असं होतं: गेटवेवरून पहिल्या बोटीने मांडवा, तिथून बसने अलिबाग, स्टँडवरून मिनीडोअर (शेअर टमटम) पकडून खंडाळे, आणि साडेआठला चालायला सुरुवात. शनिवारची गर्दी. पहिली बोट मिळाली नाही, पुढच्या बोटीला वेळ झाला, अलिबागला मिनीडोअर भरेपर्यंत थांबावं लागलं. खंडाळ्यात उतरला तेव्हा दहा चाळीस झाले होते. परतीची शेवटची बोट मात्र जिथल्या तिथे होती.

त्याने तिथेच, रस्त्याच्या कडेला उभं राहून हिशेब केला. वर जायला अडीच तास, वर तासभर, खाली दोन तास. सव्वाचारपर्यंत रस्त्यावर, साडेपाचपर्यंत मांडवा. त्या दिवसांत सूर्य मावळतो सव्वासहाच्या आसपास. म्हणजे कागदावर सगळं बसत होतं. घरी बायकोला मेसेज टाकला, "उशीर झालाय, पण शेवटची बोट मिळेल." हा मेसेज पुढे फार उपयोगी पडला.

या हिशेबात तासांची बेरीज बरोबर होती. पण साडेआठ ते अकरा चढणं आणि पावणेअकरा ते दीड चढणं यांत अंगाला पडणारा भार सारखा नसतो, आणि कोकणात तर मुळीच नसतो. मुंबई-अलिबागच्या पट्ट्यातून मोसमी पाऊस सरासरी ८ ऑक्टोबरच्या सुमारास माघारी जातो. ढग जातात, ऊन लागायला लागतं, जमिनीतली ओल मात्र तशीच असते आणि हवेतला दमटपणाही. यालाच आपण ऑक्टोबर हीट म्हणतो. घाम अंगाला थंड करतो तो वाळताना. एक लिटर घाम कातडीवर पूर्ण वाळला तर जवळपास ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम हनुवटीवरून टपटप गळला तर उष्णता अंगातच राहते, आणि पाणी नि मीठ मात्र गेलेलं असतं. देशावर चौतीस अंशांत चालणारा माणूस इथे त्याच चौतीस अंशांत का बसतो, याचं उत्तर एवढंच आहे. शिवाय चढ सुरू होतो तो जवळजवळ समुद्रसपाटीवरून. घाटमाथ्यावरच्या एखाद्या चार हजार फुटी गडाला पायथाच अडीच-तीन हजारांवर असतो. १३५० हा आकडा ऐकून लोक हसतात, पण त्यातले बहुतेक फूट पायांनीच चढावे लागतात.

सिद्धेश्वरापाशी पोहोचायला त्याला बारा वाजले. वाडीत साडेबारा. तीन लिटर पाणी आणलं होतं, त्यातलं दोन संपलेलं. एका घराबाहेरच्या हंड्यातून, आत हाक मारूनही कुणी बाहेर आलं नाही तेव्हा, त्याने बाटल्या भरून घेतल्या. सकाळी धक्क्यावर खाल्लेल्या वडापावानंतर पोटात काही नव्हतं. बरोबर खजूर होते, पण उन्हात गोड नकोसं झालं. म्हणजे दोन वाजेपर्यंत साधारण साडेतीन लिटर पाणी पोटात गेलं, मीठ नावालाही नाही. एक लिटर घामाबरोबर सुमारे दोन-तीन ग्रॅम मीठ जातं, कुणाचं कमी, कुणाचं जास्त. नुसतं पाणी ओतत राहिलं की रक्तातलं उरलेलं मीठ आणखी पातळ होतं. डोकं जड होणं, मळमळणं, मांड्यांत गोळे येणं हे पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

वाडी रिकामी का होती, हे त्याला तेव्हा कळलं नाही. ऑक्टोबर म्हणजे भातकापणी. हातपाय चालणारं प्रत्येक माणूस शेतावर. जानेवारी-फेब्रुवारीत याच वाटेवर मोळी घेऊन येणारी बाई भेटते, गुरं राखणारा पोरगा भेटतो, "कुठं चाललाव" म्हणून कुणीतरी हटकतं. कापणीत दुपारी चिटपाखरू नसतं. एकट्याने जाणारे लोक वाटेवरच्या या माणसांना हिशेबात धरत नाहीत, पण खरं म्हणजे त्यांच्याच भरवशावर फिरत असतात.

वानरटोकासमोर तो एक चाळीसला पोहोचला. फोटो काढले, रेंज चांगली होती, घरच्या ग्रुपवर टाकले. त्या फोटोत त्याच्या टोपीच्या पट्ट्यावर पांढरी रेघ दिसते. मिठाची. नंतर आम्ही ते फोटो मोठे करून पाहिले तेव्हा सगळ्यांची नजर तिथेच गेली. वर तासभर थांबायचं ठरलं होतं, तो अर्ध्या तासात निघाला. बोट.

गड उतरून माचीच्या गवतातून येताना एका ठिकाणी वाट फुटते. उजवीकडची वाडीकडे जाते. डावीकडची ढोरवाट आहे, गुरं पाण्यावर उतरतात ती. उन्हाळ्यात दोन्हींतला फरक लहान मूलही सांगेल, कारण माणसांची वाट घोटलेली असते. ऑक्टोबरात गवत कमरेच्या वर असतं, आणि गुरांनी नुकतीच तुडवलेली वाट माणसांच्या वाटेपेक्षा ठळक दिसते. तो फाट्यावर थांबला. त्याने फोन काढून पाहिलासुद्धा. कुणीतरी पूर्वी रेकॉर्ड केलेला ट्रॅक त्याने उतरवून घेतला होता आणि निळा ठिपका बरोबर रेघेवर होता. ही गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. त्या दोन वाटा पहिले साठ-सत्तर पावलं एकमेकींपासून फार तर दहा-पंधरा मीटरवर राहतात. फोनच्या जीपीएसची चूक, त्यातही झाडाखाली नि डोंगराच्या कुशीत, तेवढी सहज असते. म्हणजे फाट्यावर, जिथे उत्तर हवं असतं तिथेच, ठिपका दोन्ही वाटांना बरोबर म्हणतो. चूक कळते ती शंभर-दीडशे मीटर उतरल्यावर, तेही पुन्हा पाहिलं तर. उतार छान होता, सावली आली होती, पाण्याचा आवाज येत होता. त्याने पुन्हा पाहिलं नाही.

इथे बर्फाचा एक मुद्दा येतो, तो त्याचाच. केदारकंठाला, तो म्हणाला, मागे वळलं की आपल्याच पावलांचा माग दिसतो. ताजी बर्फवृष्टी झाली तरच तो बुजतो. इथे पंधरा पावलं पुढे जाऊन मागे पाहिलं तर गवत मिटलेलं होतं, आपण नेमके कुठून आलो ते कळेना.

ओढ्याला लागल्यावर त्याने पाण्याच्या कडेने खाली उतरायला सुरुवात केली. पाणी शेवटी गावातच जातं, हा समज सार्वत्रिक आहे आणि सह्याद्रीत तो जीवघेणा आहे. आपले डोंगर लाव्हाच्या आडव्या थरांचे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचले, काही कठीण, काही ठिसूळ. ठिसूळ थर झिजून उतार होतो, कठीण थर ताठ उभा राहतो. म्हणून ओढा काही अंतर गुमान उतरतो, मग एका कातळाच्या ओठावर येऊन खाली उडी मारतो. धोंधाणे धबधबा हे त्याचंच मोठं रूप. पाणी जिथून उडी मारतं तिथून माणूस उतरू शकत नाही, आणि शेवाळलेल्या कातळावर तिथवर पोहोचला की पुष्कळदा परतही चढू शकत नाही.

पहिली पायरी, आठ-दहा फुटांची, तो बसून घसरत उतरला. कोपरं तिथे सोलली. दुसऱ्या ओठाशी आला तेव्हा खाली नुसती झाडांची टोकं दिसली. साडेतीन होऊन गेले होते. परत फिरायला वळला आणि दोन्ही मांड्यांत एकदम गोळे आले. मग तो एका उंबराच्या मुळाशी टेकून बसला आणि बसून राहिला.

या सगळ्या दिवसातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय हा होता, असं माझं ठाम मत आहे. बोट जाणार होती, हे त्याला कळलं होतं. शेवटची बोट डोक्यात असलेला माणूस आणखी एक पायरी उतरून बघतो. असे "बघायला" गेलेले लोक खालून आणावे लागतात. तो बसला, बूट सैल केले, टोपी ओढ्यात भिजवून मानेवर ठेवली. फोनला रेंज नव्हती, पण नकाशात आपली जागा दिसत होती. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं: रेंज नसली तरी जीपीएस चालतं, कारण ते उपग्रहांकडून येतं. अडचण फक्त ती जागा दुसऱ्याला कळवण्याची. त्याने अक्षांश-रेखांशाचे आकडे साध्या एसएमएसमध्ये लिहिले. व्हॉट्सॅपला इंटरनेट लागतं, एसएमएस रेंजच्या क्षणभराच्या झुळकीवरही निघून जातो. अर्ध्या तासाने गोळे उतरल्यावर शेजारच्या एका कातळावर हातापायांनी चढून त्याने तो पाठवला. चार पस्तीसला गेला. "वाट चुकलोय. ओढ्यात आहे, खाली कडा. जागेवरून हलत नाही. मोठा उंबर, बाजूला डोह." आणि आकडे.

पुढचं काम त्याच्या बायकोने केलं. ती घाबरली, पण दहा ठिकाणी फोन करत बसली नाही. ११२ या आणीबाणीच्या नंबरवर कळवलं, आणि अलिबागच्या एका ओळखीच्यांना कळवलं. त्यांच्याकडून ते आमच्याकडे, म्हणजे इथल्या डोंगर फिरणाऱ्यांच्या गटाकडे, आलं. आम्ही दोरखंड गोळा करून गाडी काढेपर्यंत वाडीतल्या एका माहीतगाराला फोन लागला. तो नुकताच शेतावरून परत आलेला. आम्ही त्याला आकडे सांगायला लागलो तर तो म्हणाला, "ते राहू द्या. उंबर नि डोह ना? मग ठाव हाय." त्या जागेला वाडीत नाव आहे. आकड्यांनी आम्हाला ओढा कोणता ते कळलं, उंबराने त्याला नेमकी जागा कळली.

तिघे जण कोयता आणि बॅटरी घेऊन निघाले. वरून कुकारा घातला, खालून शिट्टी आली. सहा वाजून गेले होते. आम्ही तेव्हा खंडाळ्यातून जेमतेम चढायला लागलो होतो. या सुटकेत आमच्या गटाचं योगदान दोन फोन आणि न वापरलेला दोर एवढंच आहे, हे इथे नोंदवतो, कारण नंतर गावात वेगळं काहीबाही ऐकू आलं.

त्यांनी त्याला पहिल्यांदा नाव विचारलं, मग गाव, मग आज वार कोणता. कुणी शिकवलेलं नसेल, पण डॉक्टरही हेच विचारतात. उष्णतेने थकलेला माणूस गळून जातो, ओकतो, त्याला चक्कर येते, पण बोलतो नीट. बोलणं असंबद्ध व्हायला लागलं, माणूस वेड्यासारखा वागू लागला, तर तो उष्माघात, अंगातलं तापमान चाळीसच्या वर गेलेलं असण्याची शक्यता, आणि मग मिळेल त्या पाण्याने अंग गार करत १०८ ला बोलवायचं, एक मिनिट न दवडता. हा हळू बोलत होता, पण बरोबर बोलत होता. त्याला खालच्या रस्त्याला न नेता वर वाडीत नेलं, तेही बरोबरच, अंतर कमी आणि वाट पायाखालची.

वाडीत एका म्हातारीने त्याच्यापुढे पितळीत पेज ठेवली. कोमट, पातळ, वर चिमूटभर जास्तीचं मीठ. त्याने आधी पाणीच मागितलं. "पाणी मंग. आदी ह्ये पी, बाबा." अर्ध्या तासात दोन पितळ्या गेल्या आणि मळमळ थांबली. यात जादू नाही. आतड्यात साखर आणि मीठ जोडीने आत शिरतात आणि मागोमाग पाणी ओढून नेतात. ओआरएसच्या पुडीतही तेच तत्त्व आहे, एक पुडी एक लिटर पाण्यात. पेजेतला भाताचा स्टार्च पोटात हळूहळू साखरेत मोडतो, मीठ वरून घातलेलं असतंच. तांदळाच्या पिठाचं ओआरएस वैद्यकातही वापरलं गेलेलं आहे. आमसुलाचं मीठसाखर घातलेलं सरबतही चाललं असतं. दुसऱ्या दिवशी अलिबागला डॉक्टरांनी रक्त तपासलं तेव्हा सोडियम थोडं कमीच निघालं.

आमच्या बैठकीत यावर बरीच हमरीतुमरी झाली. एकाचं म्हणणं, ट्रॅक चुकीचा होता. तो चुकीचा नव्हता, फेब्रुवारीतला होता. दुसऱ्याचं म्हणणं, एकट्याने जाण्यावर बंदीच हवी. मला हे पटत नाही. चार जण असते तरी त्या फाट्यावर चौघेही डावीकडेच गेले असते, गप्पा मारत. एकट्या माणसाकडे कमी काय होतं ते पाहायचं तर पुन्हा केदारकंठा आठवावा लागतो. तिथे माथ्याच्या दिवशी लीडरने आदल्या रात्रीच सांगितलं होतं की अमुक वाजता असाल तिथून माघारी, माथा समोर दिसत असला तरी. दोघे जण तसे परतलेही. इथे तो स्वतःच लीडर होता आणि त्याने ती वेळ ठरवलीच नव्हती. ठरवायची तर ती आदल्या रात्री, घरी, डोकं थंड असताना: नऊपर्यंत खंडाळ्यातून निघालो नाही तर गड नाही, धबधबा बघून परत. एवढं एक वाक्य बायकोला पाठवलेलं असतं तर दहा चाळीसला रस्त्याकडेला हिशेब करायची वेळच आली नसती. तिथे केलेला हिशेब बोटीच्या बाजूने आणि गडाच्या बाजूनेच होणार, कारण तीन तास प्रवास करून आलेला माणूस तो करतो आहे. माझ्या लेखी प्रकरण तिथे घडलं. फाटा, गवत, ओढा हे नंतरचं.

त्याला हे मान्य आहे, पण अर्धंच. तो म्हणतो, मीठ असतं तर पाय चालले असते, आणि पाय चालले असते तर पहिल्या पायरीवरून परत फिरलो असतो. असेलही.

फाट्यावर बाण रंगवायचा प्रस्ताव अजून लटकलेला आहे. आमच्यातल्या काहींना प्रत्येक दगडावर बाण हवेत, मला गडावर रंग बघवत नाही. वाडीतल्यांना विचारलं तर ते म्हणाले, गवतात बाण दिसणार कुणाला? त्यापेक्षा ऑक्टोबरात डावीकडच्या वाटेवर काट्याची फांदी आडवी टाकतो, गुरं सोडताना बाजूला करू. यंदा टाकणार आहेत. गुरं राखणाऱ्या पोरांना ती संध्याकाळी परत ओढून लावायची आठवण राहील का, यावर वाडीतच दोन तट आहेत.